वेब शिकवायचं, की फ्रेमवर्क?

संगणकशास्त्राच्या पदवीत वेब प्रोग्रॅमिंगला जागा द्यायची की नाही, हा वाद जुना आहे. एका बाजूला जुने जाणते प्राध्यापक असतात. त्यांच्या मते वेबसाइट बनवणं हे कारागिरीचं काम, ते चार महिन्यांच्या क्लासमध्ये येतं, त्यासाठी विद्यापीठाचं अख्खं सेमिस्टर कशाला खर्ची घालायचं? दुसऱ्या बाजूला प्लेसमेंटची काळजी वाहणारी मंडळी. बाजारात रिअ‍ॅक्ट या फ्रेमवर्कला मागणी आहे ना, मग रिअ‍ॅक्ट शिकवा आणि मोकळे व्हा. गंमत अशी की, वेब म्हटल्यावर दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: पडद्यावरची पानं आणि ती झटपट उभी करून देणारी अवजारं, म्हणजे फ्रेमवर्क. पहिले या अवजारांना नाक मुरडतात, दुसरे त्यांच्या मागे धावतात.

माझं मत दोघांनाही पटणार नाही. वेब हा विषय पदवीत हवा, सक्तीचा हवा, दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात हवा. आणि त्या सेमिस्टरचा निम्मा भाग कुठल्याही फ्रेमवर्कला हात न लावता पार पडायला हवा. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस, भाषा, सुरक्षा हे सगळे विषय आपण वेगवेगळ्या तासांना, वेगवेगळ्या पुस्तकांतून शिकवतो आणि प्रत्येकाची परीक्षा झाली की त्याच्यावर पडदा टाकतो. ते एकमेकांत कसे गुंततात, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने चाचपून बघता येईल अशी सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे वेब. ब्राउझर प्रत्येकाकडे आहे आणि दुसरं काही विकत घ्यावं लागत नाही.

आधी फ्रेमवर्कचा हिशोब करू. जेक्वेरी २००६ मध्ये आली आणि काही वर्षं तिच्याशिवाय वेबचं पान हलत नव्हतं. २०१० मध्ये अँग्युलरजेएस आलं. २०१६ मध्ये त्याच घरातून अँग्युलरची नवी आवृत्ती निघाली, ती जुन्याशी जुळतच नव्हती, आणि २०२१ संपता संपता जुन्याचा आधार गूगलने काढून घेतला. रिअ‍ॅक्ट २०१३ चं, व्ह्यू २०१४ चं. फ्लॅशवर तर लोकांनी अख्खं करिअर उभं केलं होतं. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने त्याचं दुकान बंद केलं. आता विद्यापीठाचा अभ्यासक्रम कसा बदलतो ते आठवा. समिती बसते, मसुदा होतो, हरकती येतात, मंजुरी मिळते, पुस्तकं छापली जातात. ही सगळी वरात निघून मांडवात पोचेपर्यंत फ्रेमवर्कची एक पिढी उलटलेली असते. मग वर्गात मेलेलं अवजार जिवंत असल्यासारखं शिकवलं जातं, आणि विद्यार्थी मागच्या बाकावर मोबाइलवर नव्याचे व्हिडिओ बघत बसतात. त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

याच्या शेजारी दुसरी यादी ठेवा. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्या एचटीटीपी १.१ चं पहिलं मानक जानेवारी १९९७ चं आहे. कुकीची, म्हणजे साइटने ब्राउझरपाशी ठेवलेल्या छोट्या चिठ्ठीची, कल्पना १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी वेबवर आणली. एका साइटच्या कोडने दुसऱ्या साइटचा डेटा वाचू नये, हा ब्राउझरचा मूळ नियम १९९५ पासूनचा. २०२२ मध्ये एचटीटीपी ३ चं मानक आलं. त्यात डेटा पोचवण्याची खालची पद्धत, टीसीपी, काढून यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालणारं क्विक बसवलं, म्हणजे पायाच बदलला. तरी गेट (पान मागणं), पोस्ट (माहिती पाठवणं), हेडर (सोबतच्या तपशिलाच्या ओळी), ४०४ (पान सापडलं नाही) यांचे अर्थ जिथल्या तिथे राहिले. अभ्यासक्रम हळू बदलतो अशी ओरड सगळेच करतात. मग हळू बदलणाऱ्या अभ्यासक्रमात हळू बदलणाऱ्या गोष्टी का घालू नयेत?

आता असा विषय प्रत्यक्षात शिकवायचा म्हणजे काय करायचं?

पहिल्याच प्रॅक्टिकलला ब्राउझर बंद करायला सांगायचं. टर्मिनल उघडायचं, एखाद्या सर्व्हरच्या ८० क्रमांकाच्या पोर्टला थेट जोडून घ्यायचं आणि रिक्वेस्ट हाताने टाइप करायची. पहिल्या ओळीत गेट, पानाचा मार्ग आणि एचटीटीपीची आवृत्ती. दुसऱ्या ओळीत होस्ट आणि त्याचं नाव. एंटर मारल्यावर काहीच होत नाही. पोरं एकमेकांकडे बघतात. कुणी म्हणतं, हँग झालं. मग कुणीतरी आणखी एकदा एंटर दाबतं, रिकामी ओळ जाते आणि धडाधड उत्तर येऊन पडतं. हेडर संपले हे सर्व्हरला त्या रिकाम्या ओळीवरूनच कळतं, तोवर तो बिचारा वाट बघत असतो. बहुतेक वेळा उत्तर ३०१ असतं: इथे नाही, एचटीटीपीएसच्या पत्त्यावर जा. पुढच्या फेरीत होस्टची ओळ मुद्दाम गाळायची. आता ४०० येतं, म्हणजे रिक्वेस्टच चुकीची. एवढी एक ओळ नसली तर काय बिघडतं, असा प्रश्न वर्गातून आपोआप येतो. एकाच आयपी पत्त्यावर शेकडो साइट नांदत असतात, त्यातली कोणती हवी हे सर्व्हरला कसं कळणार, हे उत्तर त्यानंतर सांगितलं की विसरलं जात नाही. पाऊण तासात वेबवरची सगळी जादू उतरते. उरतो तो मजकूर: काही ओळी गेल्या, काही ओळी आल्या.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हाच सर्व्हर स्वतः लिहायचा. भाषा कुठलीही चालेल. सॉकेट उघडा, बाइट वाचा, ओळी तोडा, फाइल शोधा, परत पाठवा. शंभर-सव्वाशे ओळींत काम होतं आणि लगेच कुरबुरी सुरू होतात. रिक्वेस्ट एका वाचनात पूर्ण आली नाही तर? टीसीपी हा बाइटचा प्रवाह आहे, त्याला संदेशाच्या सीमा ठाऊक नसतात, हे वाक्य नेटवर्कच्या पेपरात लिहून मार्क मिळवलेल्या मुलाला त्याचा अर्थ इथे पहिल्यांदा लागतो, कारण त्याचा प्रोग्रॅम कधी चालतो आणि कधी अर्ध्यात कोसळतो. एक ब्राउझर जोडून नुसता गप्प बसला तर दुसऱ्याला ताटकळत ठेवायचं का? अनेक कामं एकाच वेळी सांभाळायला इथे थ्रेड आले, किंवा इव्हेंट लूप आला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला जे आकृतीत होतं ते अंगावर आलं. मग शिक्षकाने हळूच एक पत्ता टाइप करून दाखवायचा, दोन टिंबं आणि तिरपी रेघ, पुन्हा दोन टिंबं आणि तिरपी रेघ, आणि पुढे मशीनवरच्या एखाद्या खासगी फाइलचं नाव. मुलांनी लिहिलेला आज्ञाधारक सर्व्हर फोल्डरच्या बाहेर चढत जातो आणि ती फाइल निमूटपणे हातात देतो. सुरक्षेवरचं व्याख्यान त्या दिवशी द्यावं लागत नाही.

यातलं काहीही फ्रेमवर्कमध्ये दिसत नाही. दिसू नये म्हणूनच तर ते बनवलेलं असतं. रोजच्या कामात ही सोय मोलाची आहे, पण शिकण्याच्या दिवसांत ती झाकपाक ठरते.

इथून पुढे खरा गाभा येतो: एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक रिक्वेस्ट सर्व्हरला अनोळखी. लॉगिन नावाची गोष्ट म्हणजे सर्व्हरने एक लांबलचक स्ट्रिंग कुकीत दिली आणि ब्राउझर ती दर वेळी परत दाखवतो, बस्स. हे ज्याच्या डोक्यात बसलं नाही तो पुढे कितीही मोठा प्रोजेक्ट करो, एक चूक हमखास करतो. निकाल दाखवणारं पान बनवतो. पत्त्याच्या शेपटाला क्रमांक ४१ असतो. लॉगिन तपासलेलं आहे, सगळं झकास. आता पत्त्यातला ४१ खोडून ४२ लिहा, आणि शेजारच्याची गुणपत्रिका समोर. लॉगिन केलेला माणूस कोण आहे हे तपासलं. ही गुणपत्रिका त्याची आहे का, हे तपासायचं राहिलं. ओवास्प ही संस्था वेबवरच्या सर्वांत घातक धोक्यांची यादी काढते. २०१७ च्या यादीत हा प्रकार पाचवा होता, २०२१ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला. मधल्या काळात फ्रेमवर्क काही कमी झाली नव्हती, उलट बरीच सुधारली होती. एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे फॉर्ममधून डेटाबेसला चोरून आज्ञा देण्याच्या हल्ल्याची, चर्चा १९९८ पासून जाहीरपणे चालू आहे, आणि चांगल्या फ्रेमवर्कनी तिला बऱ्यापैकी लगाम घातला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण कोणती गुणपत्रिका कुणाची, हे फ्रेमवर्कला कुठून कळणार? ते लिहिणाऱ्यालाच कळावं लागतं.

डेटाबेसच्या बाबतीतही तीच कथा. ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे एकाच वेळी चालणारे व्यवहार एकमेकांत गुंतू न देण्याचा, धडा आपण शिकवतो तो टी १ आणि टी २ असे दोन स्तंभ फळ्यावर काढून. मुलं ते पाठ करतात. वेबच्या प्रॅक्टिकलमध्ये तिकीट विक्रीचं साधं पान करायला द्या: उरलेल्या जागा वाचा, शून्याहून जास्त असतील तर एक वजा करून लिहा. एकच जागा शिल्लक ठेवा. वाचणं आणि लिहिणं यांच्या मध्ये तीन सेकंद थांबायची ओळ घाला, दोन ब्राउझर शेजारी शेजारी उघडा आणि दोन्हीकडे बटण दाबा. दोघांनाही 'अभिनंदन, तुमची जागा पक्की' असा निरोप येतो आणि डेटाबेसमध्ये मात्र शून्य. काही जण लगेच म्हणतात, तीन सेकंदांची ओळ काढा म्हणजे झालं. तिथे थांबून विचारायचं, खरंच झालं का? की चूक तशीच आहे, फक्त दिसण्याची शक्यता कमी झाली? त्यानंतर, जागा शून्याहून जास्त असेल तरच वजा कर ही अट थेट अपडेटच्या वाक्यात घालायची आणि किती ओळी बदलल्या ते तपासायचं, हा उपाय मुलं आपणच शोधून काढतात. सगळी नाही, पण बरीच.

वेगाचंही तसंच. पान हळू का उघडतं, यावर वर्गात पहिलं उत्तर येतं ते सर्व्हर दुबळा आहे. कागद घ्या. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर दहा हजार किलोमीटरवर असेल तर जाऊन यायला १०० मिलिसेकंद. टीसीपीची ओळखपाळख करायला एक फेरी, संवाद गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस १.३ च्या कुलपाला आणखी एक, मग खऱ्या रिक्वेस्टची एक. पहिला बाइट हातात पडेपर्यंत ३०० मिलिसेकंद उडाले, आणि सर्व्हरने अजून काही काम केलेलंच नाही. २०१८ पूर्वीच्या टीएलएस १.२ ला साधारण एक फेरी जास्त लागायची. प्रोसेसर कितीही महागडा घाला, या आकड्याला ढिम्म फरक पडत नाही. फेऱ्या कमी कराव्या लागतात किंवा सर्व्हर जवळ आणावा लागतो. क्विक का आलं, सीडीएन (वापरणाऱ्यांच्या जवळ प्रती ठेवणारे सर्व्हर) का लागतं, हे या एका गुणाकारात येतं.

यावर प्राध्यापक मंडळींचा आक्षेप असतो की, यात शास्त्र कुठे आहे. वेबचा जन्मच मुळी संशोधनसंस्थेत झाला: टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्नमध्ये प्रस्ताव दिला आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने ते तंत्रज्ञान सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. आज जिकडेतिकडे वेब सेवांच्या रचनेच्या ज्या रेस्ट पद्धतीचं नाव घेतात ती रॉय फील्डिंग यांच्या २००० सालच्या पीएचडी प्रबंधातली मांडणी आहे. आणि तरीही एसीएम व आयईईई या संगणक आणि अभियांत्रिकी क्षेत्रातल्या जागतिक संघटनांच्या २०१३ च्या मार्गदर्शक आराखड्याने वेबला एका विशिष्ट प्लॅटफॉर्मचा दर्जा देऊन मोबाइल आणि गेमिंगच्या पंगतीत, ऐच्छिक भागात बसवलं. मला ते पटलेलं नाही. गेमिंगची मशीन न शिकताही संगणकशास्त्राचा पदवीधर होता येईल. दोन अनोळखी मशीन अविश्वसनीय तारेवरून, एकमेकांवर भरवसा न ठेवता व्यवहार कसा करतात, हे न कळता होता येऊ नये.

जाता जाता एक गोष्ट. कंपायलरच्या विषयात आपण शिकवतो की व्याकरणात न बसणारा मजकूर पार्सरने नाकारायचा. एचटीएमएलचा पार्सर काहीच नाकारत नाही. टॅग उलटेसुलटे बंद करा, अर्धवट सोडा, पान दिसतंच. आणि चुकीच्या मजकुराचं नेमकं काय करायचं हेसुद्धा मानकात पायरीपायरीने लिहून ठेवलेलं आहे, म्हणून सगळे ब्राउझर ती चूक एकाच पद्धतीने पोटात घालतात. दोन्ही धोरणांची किंमत काय, यावर एक अख्खा तास रंगू शकतो. तो कंपायलरच्या विषयात होत नाही आणि वेबच्या क्लासमध्येही होत नाही.

प्लेसमेंटवाल्यांचा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. नोकरीची चिंता खोटी नाही, आणि मुलाखतीत रिअ‍ॅक्ट येतं का असं विचारलं जातं तेव्हा तत्त्वज्ञान कामाला येत नाही. म्हणून सेमिस्टरच्या उत्तरार्धात एक फ्रेमवर्क शिकवावंच. कोणतं, यावर समितीचा वेळ घालवू नये. शिकवणाऱ्याला जे नीट येतं ते. पण त्याच्या आदल्या आठवड्यात एक काम नुसत्या जावास्क्रिप्टमध्ये करून घ्यावं: कामांची यादी, वर गाळणी, कोपऱ्यात उरलेल्या कामांचा आकडा. डेटा एका ठिकाणी, तो दिसतो तीन ठिकाणी. यादीत भर घातली की आकडा बदलायचा, गाळणी बदलली की यादी पुन्हा रंगवायची, काम खोडलं की दोन्ही. चौथी सोय घालेपर्यंत कुठेतरी आकडा आणि यादी यांची फारकत होतेच, आणि मूल वैतागतं. डेटा बदलला की पडदा आपोआप जुळून यावा, अशी सोय कुणी करून ठेवली आहे का, असं ते स्वतः विचारतं. त्या दिवशी रिअ‍ॅक्ट काढायचं. ज्याला दुखणं कळलेलं आहे त्याला औषध समजावून सांगायला वेळ लागत नाही, आणि उद्या रिअ‍ॅक्ट जाऊन दुसरं काही आलं तरी तो त्याच प्रश्नाचं आणखी एक उत्तर म्हणून त्याच्याकडे बघतो.

फ्रेमवर्कबरोबर पाहुण्यांचा जो गोतावळा येतो त्याचीही ओळख करून द्यावी. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज (तयार कोडचा तुकडा) त्याच्या लेखकाने एनपीएम या पॅकेजच्या सार्वजनिक कोठारातून काढून घेतलं, आणि त्याच्यावर आडून आडून अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी कोसळली. स्ट्रिंगच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणं एवढंच त्याचं काम होतं. विद्यार्थ्याला आपल्या प्रोजेक्टचा पॅकेजचा फोल्डर उघडायला लावा आणि त्यातली किती नावं तू स्वतः निवडलीस, असं विचारा.

सुलभतेचा, म्हणजे अपंग व्यक्तींनाही पान वापरता येण्याचा, मुद्दा अभ्यासक्रमाच्या शेवटच्या प्रकरणात ढकलला जातो आणि सेमिस्टर संपल्यामुळे तिथेच मरतो. वेबएम ही संस्था दर वर्षी दहा लाख मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२४ मध्ये त्यातल्या ९५.९ टक्के पानांवर दोष सापडले, आणि त्यांत सर्वांत जास्त होते ते फिक्या रंगातली अक्षरं, चित्रांना वर्णन नसणं, फॉर्मच्या रकान्यांना नाव नसणं असले. यातलं काहीही अवघड नाही. माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर स्वतःचं पान वापरून दाखव, ही अट पहिल्या सबमिशनपासून घातली तर वेगळ्या प्रकरणाची गरज उरत नाही.

आता परीक्षा. सगळं घोडं इथेच पेंड खातं. सध्या वेबच्या विषयाला एक तर लेखी पेपर असतो, ज्यात विद्यार्थी कागदावर पेनने टॅग लिहितात (या प्रकाराबद्दल काय बोलावं!), नाहीतर प्रोजेक्ट असतो. प्रोजेक्ट पूर्वी वरच्या वर्गातल्या मुलांकडून मिळायचा; आता लॉगिन, फॉर्म आणि डॅशबोर्ड असलेलं गोंडस अ‍ॅप एआयकडून काही मिनिटांत मिळतं. ते चालतंसुद्धा. त्यामुळे काहीतरी बनवून आणा, याला मार्क देण्यात आता अर्थ राहिलेला नाही. एआयवर बंदी घालणं हा पोरखेळ आहे, ती पाळली जाणार नाही आणि पुढे नोकरीत कुणी ती घालणारही नाही. पण ही अवजारं आल्यामुळे, मग वेब शिकवायचंच कशाला, असं जे म्हणतात त्यांनी एक लक्षात घ्यावं: क्रमांक ४१ च्या जागी ४२ टाकून बघायला त्या कोडकडे संशयाने बघणारा माणूस लागतो, आणि असा संशय घ्यायला शिकवावं लागतं.

म्हणून परीक्षा उलटी घ्यावी. विद्यार्थ्याला दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला तीनशे ओळींचा चालू प्रोग्रॅम द्यावा. त्यात चार चुका मुद्दाम ठेवलेल्या असाव्यात: एक परवानगीची, एक शेवटच्या जागेसारखी, एक अर्धवट येणाऱ्या रिक्वेस्टची, एक कीबोर्डवर अडकणारी. तीन तास, इंटरनेट उघडं, हवं ते अवजार वापरा. चूक शोधा, ती प्रत्यक्ष घडवून दाखवा, दुरुस्त करा. घडवून दाखवण्याला सर्वांत जास्त मार्क.

मोठ्या वर्गांना हे झेपणार नाही, असं म्हटलं जाईल. विषयातला सर्व्हरचा भाग तपासणं उलट सगळ्यात सोपं आहे, कारण एचटीटीपीचं मानक जाहीर आहे. एक तपासणी प्रोग्रॅम लिहून ठेवला की दोनशे जणांचे सर्व्हर एका दुपारी तपासून होतात. परीक्षेतल्या दुरुस्त्यांनाही तेच लागू. राहतं ते माणसाने करायचं काम, म्हणजे प्रत्येकाला समोर बसवून दहा मिनिटं, ही ओळ का बदललीस, हे विचारणं. आजही व्हायवाच्या नावाखाली तेवढा वेळ जातोच, फक्त त्यात एचटीएमएलचा फुल फॉर्म विचारला जातो.